चारी पाय सारखे

शारशेन म्हाताऱ्याला घोड्याचे दात बघायची गरज पडत नसे. दात बघतात ते नवशिके, असं तो तोंडावर म्हणायचा, आणि ज्याला म्हणायचा तो बिचारा हातातला जबडा सोडून ओशाळून बाजूला व्हायचा. शारशेन फक्त एवढंच म्हणे, "चालव." मालक लगाम धरून जनावर पुढे न्यायचा, परत आणायचा, तेवढ्यात म्हाताऱ्याचं काम झालेलं असे. मागच्या डाव्या खुरात काहीतरी रुतलंय. पुढच्या उजव्या खांद्याला जुना मार आहे. दुखरा पाय टेकला की जनावराची मान किंचित वर उडते, ते इतरांना दिसायच्या आधी त्याला दिसे. नारिन नदीच्या वरच्या खोऱ्यात अशा पारख्याला सिंची म्हणतात, आणि सिंचीने नको म्हटलेला घोडा बाजार उठेपर्यंत तसाच उभा राहतो, त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

बरं, विद्या घोड्यांपुरती ठेवावी की नाही माणसाने? पण नाही. घरासमोरच्या बाकावर बसून तो रस्त्याने जाणारी माणसंही पारखायचा. "हा बघ, बायकोशी भांडून आलाय, टाचा आपटतोय." "आपल्या हेडमास्तरांचा गुडघा कामातून गेलाय, त्यांना अजून पत्ता नाही." लोक हसत, आणि चार महिन्यांनी हेडमास्तर काठी टेकत आले की कानाला हात लावत. अशी वाहवा ऐकत पन्नाशी साठी उलटली की माणसाला वाटायला लागतं, आपलं चुकणं शक्यच नाही. शारशेनचं तेच झालं होतं.

सूनसुद्धा त्यानेच पारखून आणलेली. पलीकडच्या खोऱ्यात कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. अंगणात ही गर्दी, पोरं पायात येतायत, आणि एक मुलगी चहाच्या भरल्या पियाल्यांचं तबक घेऊन त्या गर्दीतून चालली होती. एक थेंब सांडला नाही. शारशेनने बायकोला कोपराने ढोसलं.

"ती बघ. झोर्गो आहे, झोर्गो."

झोर्गो म्हणजे ज्याच्या पाठीवर बसून चहा पीत जावं असा घोडा. बुरुल दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, लोकांच्या लेकीला घोडी काय म्हणताय, कुणी ऐकलं तर जोड्याने मारतील."

"ऐकू देत. एर्किनसाठी हीच."

मधमाश्या पाळणाऱ्या आसानकुलची ती मुलगी, नाव झिपार. एर्किनने तिला पाहिलं आणि बापाच्या नजरेला जन्मात पहिल्यांदा मनापासून दाद दिली. शरदात लग्न झालं. सुनेचा पांढरा रुमाल डोक्याला बांधून झिपार घरात आली. रोज सकाळी छातीवर हात धरून सासऱ्यापुढे वाकायची, तो "औक्षवंत हो" म्हणायचा. चहा देऊन खोलीबाहेर जाताना ती सासऱ्याकडे तोंड करून, मागे मागे पावलं टाकत दारापर्यंत जायची, कारण सून सासऱ्याला पाठ दाखवत नाही. ज्या घराला आपलं म्हटलं त्या घरच्या वडीलधाऱ्यांना नाहीच दाखवत. कितीतरी सुना त्या उंबऱ्याला अडखळतात. झिपार कधी अडखळली नाही.

आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचा तिच्यावर जीव जडला होता. एर्किनला घोड्यांत कधीच रस नव्हता, तो आपला गाडी आणि तिचं इंजिन यांत खूश. झिपार मात्र विचारायची. "आबा, कुला परवा असा मान का हलवत होता?" कुला हा शारशेनचा स्वतःचा पिवळसर घोडा. मग म्हाताऱ्याचा चहा निवून जायचा आणि गोष्ट संपायची नाही. बुरुल म्हणायची, "मला इतक्या वर्षांत एवढं सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

"विचारलं असतं तर स्वयंपाक कुणी केला असता?"

दुसऱ्या हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. सगळं घर झोपलं, सगळं घर उठलं. झिपारचा ताप गेला, पण अंगदुखी गेली नाही. खांदे, पाठ, मांड्या, पोटऱ्या, अगदी हाताची बोटंसुद्धा. झोपून उठली तरी न झोपल्यासारखी. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, फोटो काढले. डॉक्टर म्हणाला, काही नाही, तरुण बाई आहे, जीवनसत्त्वं घ्या. काही नाही हे शब्द घरी आले आणि घरातच राहिले.

तिची चाल पडली. पाण्याला जायची ती कापड मोजल्यासारखी आखूड आखूड पावलं टाकत. दारातून चुलीपर्यंत जायला तिला केवढा वेळ लागे. त्यातून पंचाईत अशी की दुखणं रोज सारखं नसायचं. एखाद्या दिवशी ती भराभर कणीक मळायची, गालिचे झटकायची, हसायची, आणि दुसऱ्या दिवशी उठायलाच नको. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात ती नाचली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दोन दिवस अंथरुणात होती, ते फक्त एर्किनने पाहिलं.

"नाचायला अंग दुखत नाही, गाय पिळायला दुखतं," बुरुल, एर्किन-झिपारची आपा, शेजारणीला म्हणाली. आवाज हळू करून म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं.

झिपारने ऐकलं. ती चहा ओतत राहिली.

वसंतात एर्किन बापाशेजारी बाकावर येऊन बसला. बराच वेळ गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत होता.

"आबा, तिला बिश्केकला न्यावं म्हणतो. तिथे एक बाई डॉक्टर आहेत म्हणे, अशाच दुखण्यांच्या. नुसत्या चालीवरूनसुद्धा बरंच ओळखतात म्हणे."

शारशेनला हे कुठेतरी लागलं. "चालीवरून? मग मी काय इथे लोकर कातत बसलोय?"

"तसं नाही. म्हणूनच विचारतोय. आपा म्हणते, ढोंग आहे. मला तसं वाटत नाही, पण मी काय, मला कळत नाही. तुम्ही एकदा नीट बघा. तुम्ही म्हणालात तर उद्या नेतो. नाही म्हणालात तर नाही."

आता बघा, पोराने बायकोचं दुखणं बापाच्या डोळ्यांवर सोपवलं. त्याचंही चुकलंच, पण ज्या घरात प्रत्येक गोष्ट बापाच्या नजरेवर ठरते त्या घरात मुलगा दुसरं काय करणार. आणि बापाने म्हणायचं की नाही, अरे, माणूस आहे ती, तिलाच विचार? तसं नाही म्हणाला. म्हणाला, "बघतो."

त्या दिवशी झिपार ओढ्यावर पाण्याला निघाली तेव्हा शारशेनने तिला जाताना पाहिलं आणि भरल्या बादल्या घेऊन येताना पाहिलं. सगळी विद्या पणाला लावली. मान बघितली, खांदे बघितले, कंबर बघितली. उजवं पाऊल जेवढं, डावं तेवढंच. कुठला पाय दुसऱ्यापेक्षा लवकर उचलत नाही, कुठल्या अंगावर झुकत नाही. मान उडत नाही. फक्त सावकाश, आणि आखूड. तिला कळलं होतं की तो बघतोय. ती मध्ये एकदा थांबली, बादल्या खाली ठेवल्या, त्याच्याकडे पाहून थोडंसं हसली, पुन्हा उचलल्या. बहुतेक तिला बरं वाटलं असावं, की या माणसाला तरी दिसेल.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने निकाल दिला. बुरुल होती, एर्किन होता.

"हे बघ, ज्याला दुखतं ते जनावर दुखरा पाय वाचवतं. घोडा असो, बैल असो, माणूस असो. एक बाजू वाचवतं, दुसरीवर भार टाकतं. हिच्यात तसलं काही नाही. चारी पाय सारखे. खोट नाही अंगात. मन नाही लागत, एवढंच. हिला इथे गावात बसवून ठेवू नका, वर जैलूच्या कुरणावर न्या. घोड्या पिळेल, त्या दुधाचं आंबट कुमीस घुसळेल, वारं लागेल, आपोआप मोकळी होईल."

"मी तेच म्हणत होते," बुरुल म्हणाली.

एर्किनने गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या. दार उघडं होतं आणि दारात झिपार चहाची किटली घेऊन उभी होती. ती आत आली, सगळ्यांच्या पियाल्या भरल्या. सासऱ्याची पियाली तिने दोन्ही हातांनी पुढे केली, वाकली, आणि मागे मागे पावलं टाकत बाहेर गेली. उंबऱ्याशी तिची टाच अडखळली. बुरुलने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने चहाकडे.

बिश्केकचं नाव पुन्हा निघालं नाही.

उन्हाळ्यात सगळे कळपासह वर कुरणावर गेले, ते जैलू. नमद्याचा तंबू उभा राहिला, शिंगरं दोरीला बांधली गेली. घोडीचं दूध काढायचं म्हणजे गाईसारखं बसून नाही. एक गुडघा जमिनीला टेकायचा, दुसऱ्यावर बादली तोलायची, शिंगराला क्षणभर पिऊ द्यायचं, ओढून बाजूला करायचं, आणि घोडीचा विचार बदलायच्या आत आटपायचं. तेही दिवसातून एकदा नाही, घोडी सारखी पिळावी लागते. झिपार टेकायची आणि उठायची, टेकायची आणि उठायची. पहिला आठवडा तिने काढला. शारशेन बुरुलला म्हणाला, "बघ, सांगत होतो ना." दुसऱ्या आठवड्यात ती उठताना घोडीच्या आयाळीला धरायला लागली.

एर्किन तेव्हा खाली गावात होता, कुणाचं तरी सामान पोचवायला गेलेला. दुपारची वेळ. झिपार भरली बादली घेऊन उतारावरून तंबूकडे येत होती. मध्येच ती खाली बसली. पडली नाही, सावकाश बसली. बादली मात्र कलंडली आणि दूध गवतात गेलं.

बुरुल तंबूच्या दारातून म्हणाली, "सांडा, सांडा. शिंगरांच्या तोंडचं काढायचं आणि गवताला पाजायचं."

"आपा, मला उठता येत नाहीये."

"नाचताना बरं उठता येत होतं."

शारशेन खोगीर दुरुस्त करत होता. तो उठून तिच्याजवळ गेला. त्याच्या मनात तिच्याविषयी राग नव्हता, हे नंतर तो स्वतःला पुष्कळदा सांगायचा. पण ज्या स्वरात तो बोलला तो अडेल जनावराशी बोलायचा स्वर होता.

"ऊठ पोरी. तुला काही झालेलं नाही. मी पाहिलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात गवतात टेकले, एक पाय ओढून घेतला, मग दुसरा. उठली. रिकामी बादली उचलली आणि तंबूपर्यंत चालत गेली, तशीच, आखूड आणि सारखी पावलं टाकत. संध्याकाळच्या घोड्यासुद्धा तिने पिळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करून, सगळ्यांना देऊन, ती खाली सडकेकडे गेली आणि मेंढ्यांच्या एका ट्रकात बसून माहेरी निघून गेली.

लेक माहेरी परत आली की आमच्याकडे शेजारपाजार कुंपणावर गोळा होतो. आसानकुलच्या घरी काय झालं असेल ते सांगायला नको. एर्किन एकदा जाऊन आला. आल्यावर जेवला नाही.

"काय म्हणाली?" बुरुलने विचारलं.

"मी म्हटलं, चल, आबांनी पाहिलंय तुला, काळजीचं काही नाही." त्याने ताट बाजूला सारलं. "तिने दार लावून घेतलं."

उन्हाळा सरला. शारशेनला चहा देणारं कुणी नव्हतं असं नाही, बुरुल देत होती. पण कुला अशी मान का हलवतो, हे कुणी विचारत नव्हतं. तो एकटाच बाकावर बसायचा आणि माणसं पारखायचा, आणि ऐकायला कुणी नसेल तेव्हा गप्प राहायचा.

कळप खाली आणायच्या दिवसांत कुला सुस्तावला. शारशेनला वाटलं, वय झालं, नाहीतर जैलूच्या गवताने माजलाय. चाबूक दाखवला की चालायचा, नाहीतर पाय ओढायचा. उतरणीच्या दिवशी सगळे पुढे गेले आणि कुला मागे राहिला. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वाट होती, सगळी दगडगोट्यांची. कुला इतकी बारकी पावलं टाकत होता की शारशेनला लाज वाटायला लागली. सिंचीचा घोडा, आणि हा असा. त्याने एक फटका ओढला. मग दुसरा. घोडा न कुरकुरता पुढे झाला, तसाच, बारीक बारीक.

पात्र संपलं आणि हिरवळ लागली. हिरवळीवर कुलाचं पाऊल लांबलं.

शारशेनने लगाम खेचला. पुन्हा दगडांत नेला, पाऊल आखूड झालं. पुन्हा गवतात आणला, लांबलं. तो उतरला. लगाम हातात धरून त्याला पुढे चालवलं, मागे वळून बघितलं. मान उडत नव्हती. लंगडत नव्हता. डावा जेवढा, उजवा तेवढाच. त्याने खाली बसून पुढचं एक खूर तळव्यात धरलं. खूर गरम होतं. दुसरं धरलं. तेही तितकंच गरम. खुराच्या वर बोट ठेवलं तर नाडी ठोके देत होती, दोन्हीकडे. महिन्यापूर्वी घोड्याने बार्लीचं पोतं फोडलं होतं, तेव्हा तो त्याच्यावर हसला होता. त्याची ही किंमत.

हे दुखणं त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीच तर खरी गोष्ट आहे. त्याच्या बापाने ही विद्या शिकवतानाच सांगितलं होतं की जनावराचा एकच पाय दुखत असेल तर ते लंगडेल आणि तुला फुकट कळेल, पण दोन्ही दुखत असतील तर कुठला वाचवणार ते? दोन्ही सारखे टाकेल, आखूड टाकेल, आणि तू त्याला आळशी म्हणशील. तेव्हा त्याने मान डोलावली होती. पुढे कितीतरी लोकांना हेच ऐकवून त्याने शहाणपण मिरवलं होतं. आणि ऐन वेळी, घरातल्या माणसाच्या वेळी, ते आठवलं नाही. त्याला आठवायचंच नव्हतं. पोरगा बिश्केकच्या डॉक्टरीणबाईचं नाव घेऊन आला होता आणि म्हातारा त्या बाईशी शर्यत लावून बसला होता.

तो कुलाचं खूर मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला. डोळ्यांसमोर ओढ्याची वाट येत होती, त्या वाटेवर दोन बादल्या, आणि ती मध्येच थांबून हसली होती ते. "मी काय केलं हे," तो घोड्याला म्हणाला. मग त्याने खोगीर उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घोड्याला जिथे गवत असेल तिथून, वळसे घेत, पायी घरी आणलं.

घरी बुरुलला त्याने सांगितलं. ती खाली बसली. शेवटी म्हणाली, "मग मीही तिला काय काय बोलले." आणि रुमालाच्या टोकाने डोळे पुसत चुलीकडे गेली.

दुसऱ्याच दिवशी शारशेन चांगली मेंढी घेऊन आसानकुलच्या घरी निघाला. एर्किन म्हणाला, मी येतो. शारशेन म्हणाला, "तू नंतर जा. नासवलंय मी, आधी मला जाऊ दे." बुरुलने जाताना बजावलं, "घेऊनच या तिला. मी पियाली मांडून ठेवते."

आसानकुलने दार उघडलं, सलाम घेतला, मेंढी मात्र अंगणातच राहू दिली, गोठ्यात बांधा असं म्हणाला नाही. पाहुणा आला की भाकरी पुढे येते, ती आली. मध आला. झिपार आली. वाकली, चहा ओतला, बापाच्या शेजारी बसली. डोक्याला रुमाल नव्हता.

शारशेनने वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरला.

"पोरी, माझं चुकलं. कुलाच्या दोन्ही पायांना झालंय. दोन्ही दुखत असले की जनावर लंगडत नाही. मला हे माहीत होतं. आणि तरी मी तुला..." त्याने पियाली खाली ठेवली. "तुला दुखत होतं. सगळीकडे दुखत होतं. मी सांगितलं, दुखत नाही."

आसानकुल खाली बघत मधाची वाटी फिरवत होता. म्हणाला, "आम्ही नेलं तिला बिश्केकला. सांग त्यांना."

"त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात, आबा," झिपार म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "फोटोत दिसत नाही, रक्तात दिसत नाही. बाईंनी मला एका पट्टीवर चालवलं, या टोकापासून त्या टोकाला, पाऊल किती लांब पडतं, किती वेळ टेकतं ते मोजायला. म्हणाल्या, या आजाराची माणसं अशीच चालतात. सावकाश, आखूड, दोन्हीकडे सारखं. पूर्ण बरं होईलच असं नाही म्हणाल्या. पण औषध आहे, थोडा थोडा व्यायाम आहे, झोप आहे. आता काही दिवस बरे जातात."

"मग मी तेच पाहिलं होतं," शारशेन म्हणाला. "मी बरोबर तेच पाहिलं होतं."

"हो. तुम्ही सगळं पाहिलंत. फक्त मला विचारलं नाहीत." तिने भाकरी त्याच्याकडे सरकवली. "पट्टीवर चालायच्या आधीच, मी दारातून आत जातानाच, त्या बाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? तेवढं ऐकून मी तिथे रडले. लाज वाटली मला."

शारशेनने मान खाली घातली. भाकरीला त्याने हात लावला नव्हता.

"मला आपांचा राग येत नाही," झिपार म्हणाली. "त्या सगळ्यांनाच बोलतात. पण तुम्ही बोललात ते मला खरं वाटलं. माझं अंग दुखत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, दुखत नाही, आबांनी पाहिलंय. तुमचं कधी चुकत नाही ना. म्हणून मी त्या दिवशी उठले."

"घरी चल," शारशेन म्हणाला. "घोड्या नको, पाणी नको. एर्किन गाडीतून नेईल तुला बिश्केकला, कितीदाही. मी बाकावर बसणार नाही. तू अंगणात असलीस की मी आत बसेन. तुझ्याकडे बघणार नाही."

हे तो अगदी मनापासून बोलला आणि बोलल्यावर त्यालाच कळलं की ही किती वाईट गोष्ट आहे.

झिपारने त्याची पियाली पुन्हा भरली, पण काठोकाठ. आमच्याकडे बसा म्हणायचं असतं तेव्हा चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे पाहुण्याने पुन्हा पुन्हा मागावा. काठोकाठ भरली म्हणजे एवढी प्या आणि निघा. शारशेनने ती पियाली शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

ती त्याला पोचवायला फाटकापर्यंत आली. त्याने जाणूनबुजून आपली चाल तिच्या चालीला जुळवली, आणि तेवढ्या अंगणभर त्याला समजलं की अशी पावलं टाकायला किती जपावं लागतं. फाटकाशी ती थांबली, छातीवर हात ठेवून वाकली.

"औक्षवंत हो," तो म्हणाला.

"कुलाला गवतावरच ठेवा," ती म्हणाली. "दगडात नेऊ नका."

त्याने मान हलवली. तो वाट बघत होता, की ती आता मागे मागे पावलं टाकत जाईल, जशी रोज त्याच्या खोलीतून जायची. एक पाऊल जरी तशी गेली तरी त्याला पुरलं असतं. पण झिपारने त्याच्याकडे पाठ केली, आणि आपल्या बापाच्या अंगणातून, सावकाश, आखूड, दोन्हीकडे सारखी पावलं टाकत घरात निघून गेली.

शारशेन घरी पोचला तेव्हा बुरुल दारातच उभी होती. मागे जेवणाच्या चादरीवर एक पियाली जास्तीची मांडलेली होती.

"काय म्हणाली? येते का?"

"पाठ दाखवून गेली," शारशेन म्हणाला.

बुरुल आत गेली आणि तिने ती पियाली उचलून ठेवली.